कोल्हापुरीचा कस: मोजमाप कुणाच्या हातात?

विरार पूर्वेला चंदनसार रोडवर पत्र्याच्या आडोशाला बसून एक काका चपला शिवतात. अलीकडे त्यांच्यापुढे दोन तुटलेल्या कोल्हापुरी एकाच वेळी आल्या. एकीचा पट्टा त्यांनी दुमडला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "हे कातडंच नाही. वरून रंग दिलाय, आत कापड आहे." दुसरीचा तळ त्यांनी रापीने कडेला थोडा कापला. "हे कातडं आहे, पण नीट कमावलेलं नाही. मधे बघा, कच्ची रेघ राहिलीय." दोन्ही चपला कोल्हापुरी म्हणूनच विकल्या गेल्या होत्या आणि दोन्ही गिऱ्हाइकांनी पूर्ण पैसे मोजले होते.

काकांनी दोन मिनिटांत केली ती कातड्याची चाचणीच होती. प्रयोगशाळेतही कातडे असेच वाकवतात, ओढतात, फाडतात, घासतात. तिथे उत्तर आकड्यात येते आणि त्याखाली शिक्का असतो. बाजार त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो, काकांच्या बोटांवर ठेवत नाही. कोल्हापुरी चप्पल सध्या जगभर गाजत असताना हा प्रश्न नीट मांडायला हवा: ज्या हातांना कातडे कळते, त्या हातांकडे ते सिद्ध करण्याचे साधन का नाही?

प्राडा, क्यूआर कोड आणि मागे राहिलेला प्रश्न

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. मूळ कारागिरांचे नाव कुठेच नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. याचिकाकर्ते भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते, हे त्यातले एक प्रमुख कारण होते. हे मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचे लिडकर या दोन महामंडळांना मिळाले आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला. या भागातल्या कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करून घेऊन ते जगभरातल्या ४० दुकानांत विकायचे, किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो, असे तेव्हा जाहीर झाले. रुपयांत हा आकडा ऐंशी हजारांच्या पुढे जातो. त्याआधी लिडकॉमने अस्सल कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडही आणला होता. तो स्कॅन केला की चप्पल कुणी, कुठल्या जिल्ह्यात, कशापासून केली ते कळते.

ही पावले स्वागतार्ह आहेत. पण क्यूआर कोड चपलेची ओळख सांगतो, तिचा कस सांगत नाही. पट्टा किती ओढ सहन करील, तळ किती वाकवल्यावर तडकेल, घामाने रंग पायाला लागेल का, याची उत्तरे कोडमध्ये नाहीत. परदेशी खरेदीदार नेमकी तीच विचारतो.

कातडे मोजतात कसे?

कातडे कापडासारखे सर्वत्र एकसारखे नसते. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. म्हणून चाचणीचा तुकडा कुठून कापायचा हेच आधी ठरलेले असते. तो पाठीच्या कण्याजवळच्या नेमून दिलेल्या जागेवरून, कण्याला समांतर आणि आडवा असा दोन्ही दिशांनी काढतात.

मग तो तुकडा ठरावीक हवेत, उदाहरणार्थ २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत, किमान एक दिवस ठेवतात. कारण कातडे हवेतले पाणी शोषते. आपल्या वसई-विरारच्या जुलैतल्या हवेत मोजलेले कातडे आणि कोरड्या हवेत मोजलेले तेच कातडे वेगळे आकडे देतील.

यानंतर जाडी मोजतात. ठरावीक दाब देऊन पाच सेकंदांनी काट्यावरचा आकडा घेतात, नाहीतर मऊ कातडे दाबू तेवढे पातळ दिसेल. डंबेलच्या आकाराचा तुकडा यंत्रात दोन्हीकडून ओढून तो किती बलाला तुटतो आणि तुटेपर्यंत किती लांबतो ते नोंदवतात. दुसऱ्या तुकड्याला चीर देऊन ती पुढे फाडायला किती न्यूटन बल लागते ते पाहतात. चपलेच्या पट्ट्याला हा आकडा फार महत्त्वाचा, कारण पट्टा बहुतेक वेळा टाक्याच्या भोकापासूनच फाटतो. बॅली नावाच्या यंत्रावर कातड्याची घडी मिनिटाला शंभर वेळा वाकवतात आणि हजारो घड्यांनंतर पृष्ठभाग तडकला का ते तपासतात. ओल्या आणि कोरड्या नमद्याने घासून रंग उतरतो का ते बघतात. पाण्यात हळूहळू तापवून कातडे किती अंशाला आकसते तेही पाहतात.

यात गूढ काही नाही. अनुभवी कारागीर हे सगळे अंदाजाने करतोच. पण त्याचा अंदाज त्याच्याबरोबर गल्लीत राहतो आणि आकडा मिलानपर्यंत जातो.

पहिले नुकसान विक्रीत नाही, खरेदीत

चाचणी म्हटले की आपण तयार मालाचा विचार करतो. गरीब कारागीर मात्र आधी कातडे विकत घेतानाच नागवला जातो.

पूर्वी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणारा ढोर समाजातला माणूस शेजारच्याच वस्तीत असे. माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी दारात जाऊन विचारता येई. आज अनेक कारागीर कमावलेले तयार कातडे बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून घेतात. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याच्या पुरवठ्याची चिंता वाढली. माल कमी असला की घेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही. मिळेल ते, सांगतील त्या वजनाला घ्यावे लागते.

तळाचे जाड कातडे वजनावर विकले जाते. आता हिशेब करू. १० किलो कातड्यात १४ टक्के ओलावा असेल तर त्यात ८ किलो ६०० ग्रॅम खरा माल असतो. तोच माल दमट गोदामात २० टक्के ओलाव्यापर्यंत गेला तर काटा १० किलो ७५० ग्रॅम दाखवील. वरचे ७५० ग्रॅम निव्वळ पाणी आहे आणि कारागीर ते कातड्याच्या भावाने घेतो. वजन वाढवण्यासाठी कातड्यात क्षार भरण्याची लबाडीही या धंद्याला जुनीच माहीत आहे. वरचे पातळ कातडे चौरस फुटावर विकतात, तिथे मापाची चोरी होते.

ओलावा दाखवणारे छोटे यंत्र, जाडीमापक आणि खात्रीचा काटा, एवढ्या तीन वस्तू एखाद्या वस्तीत सामायिक ठेवल्या तरी व्यापाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलेल. म्हणून चाचणीकडे कारागिरावर लादलेली अट म्हणून न पाहता त्याच्या हातातले साधन म्हणून पाहिले पाहिजे.

मानक कोणत्या जमिनीचे?

केंद्र सरकारचे पादत्राणांसाठीचे गुणवत्ता नियंत्रण आदेश १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. लहान उत्पादकांना त्यातून सूट मिळाली. सूट नसती तर घरात बसून चपला शिवणारी हजारो कुटुंबे प्रमाणपत्राच्या खर्चानेच बुडाली असती, म्हणून ती योग्यच होती. पण तिची दुसरी बाजूही आहे. मोठ्या कंपनीच्या बुटावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का येतो, कारागिराची चप्पल शिक्क्याविना राहते. गिऱ्हाईक त्याचा अर्थ 'तपासलेली' आणि 'न तपासलेली' असा घेते. सूट मिळाली, पण पत मिळाली नाही.

शिवाय कुठल्या कसोटीवर तपासायचे हाही प्रश्न आहे. क्रोम क्षारांनी कमावलेले चांगले कातडे उकळत्या पाण्यापर्यंत टिकते. झाडांच्या सालीने कमावलेले साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यानच आकसू लागते. क्रोमची फूटपट्टी लावली तर कोल्हापुरी नापास ठरेल. पण उकळत्या पाण्यात चप्पल कोण घालतो? उलट सालीने कमावलेला तळ घाम शोषतो, काही दिवसांत पायाचा आकार घेतो आणि त्यात क्रोम वापरलेलेच नसते. युरोपात पायाला लागणाऱ्या कातड्यात घातक षट्संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अस्सल कोल्हापुरीची ही जमेची बाजू आहे आणि ती आकड्याने दाखवता येते.

नियम जमिनीप्रमाणे असावा ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात कातडे आणि पादत्राणे यांवर 'चम्मक्खन्धक' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भिक्खूंना एकेरी तळाच्या चपलांची अनुज्ञा होती. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने महाकच्चायनांचा निरोप तथागतांना सांगितला, की आमच्याकडची जमीन कठीण आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. तेव्हा तथागतांनी त्या सीमाभागासाठी अनेक थरांच्या तळाला मुभा दिली. ज्यांच्या पायांना बोचते त्यांचे म्हणणे ऐकून नियम बदलला गेला. आज मानके ठरवणाऱ्या समित्यांत कोल्हापूर किंवा अथणीच्या कारागिराचे म्हणणे किती पोचते?

आपला संबंध काय?

काही वाचक म्हणतील, बाबासाहेबांनी हे काम सोडायला सांगितले, मग आपण चामड्याची चर्चा का करायची? मेलेले जनावर ओढण्याची सक्ती ज्यांच्यावर होती ते आपले पूर्वज, कातडे कमावणारा ढोर समाज आणि चपला शिवणारा चर्मकार समाज, हे एकाच साखळीत बांधले गेले होते. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी ओढकाम सोडण्याचा आग्रह धरला. ते सोडाल तर कातडे-शिंगांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणारेही निघाले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा चांगलाच समाचार घेतला. त्यांचा विरोध जन्मावर लादलेल्या आणि माणसाला अपमानित करणाऱ्या कामाला होता.

तो हिशेब मांडणाऱ्यांनी कातड्याची किंमत रुपयांत काढली, ते ओढणाऱ्याच्या अपमानाची काढली नाही. आजही चप्पल ८०० युरोला जाते तेव्हा ब्रँड, डिझाइन आणि दुकान यांची किंमत लगेच ठरते. कातड्याची पारख करणाऱ्या डोळ्याची आणि वादी ओवणाऱ्या बोटांची किंमत मात्र 'पारंपरिक कला' या गोड शब्दात गुंडाळली जाते. ते कौशल्य ज्ञान म्हणून नोंदले गेले तरच त्याला ज्ञानाचा मोबदला मागता येईल. आणि ज्या तरुणाला हे काम करायचे नाही, त्याला ते सोडण्याची मोकळीक तितकीच हवी.

मागण्या साध्या आहेत

पहिली, चाचणी कातड्याच्या लॉटवर, कमावणाऱ्याच्या किंवा ठोक व्यापाऱ्याच्या पातळीवर व्हावी. तुकडे कातड्याच्या सर्वांत चांगल्या भागातून कापावे लागतात. चार कातडी घेणाऱ्या कारागिराला तो तोटा परवडत नाही.

दुसरी, लिडकॉमने कोल्हापुरी पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये जाडी, ओलावा आणि वजन तपासण्याची सामायिक केंद्रे उघडावीत आणि ती कारागिरांच्या गटांनी चालवावीत. तन्यता आणि फाडण्याच्या चाचण्यांसाठी जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांना जोडून घ्यावे. १९४८ पासून चेन्नईत काम करणाऱ्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून प्रशिक्षण घेता येईल. आपल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी हे प्रतिष्ठेचे तांत्रिक काम आहे.

तिसरी, क्यूआर कोडमध्ये नाव-गावाबरोबर लॉटच्या चाचणीचे आकडेही असावेत.

चौथी, झाडाच्या सालीने कमावलेल्या हातशिलाईच्या चपलेसाठी वेगळे निकष ठरावेत आणि ते ठरवताना कारागीर स्त्री-पुरुष समितीत बसलेले असावेत.

चंदनसारच्या काकांना हे सगळे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "मशीन आणा की. मी सांगतो आणि मशीन सांगतं, ते जुळतं का बघू." त्यांना यंत्राची भीती नाही. यंत्र फक्त व्यापाऱ्याच्या बाजूला उभे राहू नये, एवढीच त्यांची अट आहे.