गादी राजाची, कौल कुणाचा?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये रोमच्या प्लेबियन लोकांचा दाखला दिला आहे. मताचा अधिकार असूनही आपला खंबीर माणूस त्यांना सत्तेवर का बसवता येईना? निवडलेला माणूस देवतेला मान्य आहे की नाही, हे सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन होते, म्हणून. हे कुलूप लागले कधी? त्यासाठी राजेशाहीच्या काळात शिरावे लागते.

परंपरेनुसार रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ ची, राजे सात. या कथा लिव्हीने लिहिल्या त्या शेवटच्या राजानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. तेव्हा रोम्युलसला लांडगिणीने पाजले वगैरे भाकडकथा सोडून देऊ. राज्याची घडी मात्र बघण्यासारखी आहे.

रोमचा राजा वंशपरंपरेने येत नसे. राजा मेला की शकुन पाहण्याचा अधिकार सिनेटमधल्या 'पित्यांकडे' परत जाई. पॅट्रिशियन म्हणजे याच पित्यांची घराणी. त्यांच्यातला एकेक जण पाच-पाच दिवस कारभार पाही, नवा राजा सुचवी. मग ३० कुरियांत जमलेली प्रजा होकार देई. म्हणजे गादी रिकामी पडे, कौल मात्र कधीच बेवारस होत नसे!

नूमा राजाने पुरोहितवर्ग उभा केला आणि कामकाजाचे व निषिद्ध दिवस ठरवले, असे लिव्ही सांगतो. आम्ही वकिली करतो, म्हणून इथे आम्ही थबकलो. दावा कोणत्या दिवशी लावायचा हेच पुरोहिताला विचारावे लागत असेल, तर गरिबाने न्याय मागायचा कसा?

सहावा राजा सर्व्हियस टुलियस. दासीच्या पोटी जन्मल्याची त्याची कथा. त्याने जनगणना करून संपत्तीनुसार लोकांचे गट पाडले, मत गटाला दिले. एकूण गट १९३. घोडेस्वार आणि पहिला वर्ग मिळून ९८. निर्धन सारे एका गटात. तपशील नंतरच्या काळातला असावा, असे इतिहासकार मानतात. पण मत सर्वांना आणि बहुमत मूठभरांना, ही किमया तेव्हाचीच समजली जाते.

इ.स.पू. ५०९ मध्ये राजा हाकलला गेला. तरी यज्ञविधीसाठी 'राजा' नावाचा एक पुरोहित ठेवलाच, तोही पॅट्रिशियनच. प्लेबियनांनी इ.स.पू. ४९४ मध्ये शहर सोडून डोंगरावर ठाण मांडले, तेव्हा ट्रिब्यून मिळाले. ४४५ मध्ये पॅट्रिशियनांशी विवाहाची बंदी उठली. ३६७ मध्ये कॉन्सलपद खुले झाले. प्रमुख पुरोहितपदे? ती ३०० मध्ये. सर्वात शेवटी!

त्याच्या चारच वर्षे आधी, इ.स.पू. ३०४ मध्ये, ग्नेयस फ्लेव्हियस नावाच्या अधिकाऱ्याने न्यायालयीन दिवसांचे ते पंचांग फोरममध्ये उघड्यावर लावले. कुणीही यावे, वाचावे. हा फ्लेव्हियस मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा होता.