दिव्यापुढचा अंधार

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या मोटारसायकलीस दोन जादा दिवे बसवून घेतले, आणि दोन महिन्यांच्या आत त्यांविषयीचे आमचे मत पालटले. हा घरगुती उपद्व्याप शाळेच्या वार्षिकात मांडण्याचे कारण एवढेच, की आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील व भाऊ रात्रपाळीसाठी इच्छापोरच्या रस्त्याने दुचाकीवर जा-ये करतात. आणि वरच्या वर्गांतील काही मुलांच्या मनात तर गाडी घेण्याआधीच तिचे दिवे भरलेले दिसतात.

हा रस्ता ज्यांनी रात्री पाहिला आहे, त्यांना दिव्यांचा मोह का पडतो हे सांगावयास नको. हजिऱ्याचे पोलादाचे, खताचे व वायूचे कारखाने आणि तेथील बंदर यांचा सारा अवजड माल या बाजूने वाहतो. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ठाऊक असलेला व २०१० नंतर ५३ क्रमांक मिळालेला राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्याहूनच निघतो आणि पुढे धुळे, जळगाव, नागपूर गाठतो. आमच्या खानदेशी पालकांना तो म्हणूनच घरचा वाटतो. रात्री मात्र त्याचे रूप निराळे असते. ट्रेलरांची रांग, हवेत तरंगणारी धूळ, थंडीच्या पहाटे तापीच्या अंगाने येणारे धुके, आणि या सर्वांच्या कडेकडेने विनादिव्याच्या सायकली!

लहान मोटारसायकलीच्या पुढच्या दिव्यात बहुधा ३५ वॅटचा बल्ब असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. संकट दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबावयास आणखी वीस-बावीस मीटर लागतात. म्हणजे चाळीस मीटर पलीकडचा खड्डा आधीच दिसला पाहिजे. जो दिवा तो दाखवीत नाही, त्यास जोड द्यावी असे कोणास वाटले तर त्यात चैन नाही. आम्हांसही तसेच वाटले. आमच्या कोकणीत प्रकाशाला ‘उजवाड’ म्हणतात. तो जितका अधिक तितका बरा, अशी आमची भोळी समजूत होती.

मिस्त्रीने दोन पांढरे शुभ्र दिवे हँडलच्या उंचीवर बसविले. रस्ता लखलखला व आम्ही खूष झालो. पुढे पालकसभेस एक गृहस्थ आले. ते सायकलने कामावर जातात. मुलाच्या गणिताविषयी बोलून झाल्यावर संकोचाने म्हणाले, “सर, राग मानू नका. रात्री तुमची गाडी समोरून आली म्हणजे मी सायकलवरून खाली उतरून उभा राहतो. काहीच दिसत नाही हो.”

आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. चारच दिवसांनी ते आम्हांस रस्त्यावर मिळाले. समोरून आमच्यासारखेच दिवे लावलेली एक मोटारसायकल आली आणि आमच्या डोळ्यांपुढे काळोख झाला. दृष्टी परत आली तेव्हा आमच्या पुढे हातभर अंतरावर एक सायकलचे मागील चाक होते. ब्रेक कसा लागला, आम्हांस ठाऊक नाही. अंधारास पुरते सरावण्यास डोळ्यांस वीस-तीस मिनिटे लागतात. ती कमाई एका झोताने क्षणात जाते. नुसती दोन सेकंदे आंधळेपणा आला, तरी ताशी साठच्या वेगात ३३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीहून अधिक अंतर, आपण डोळे मिटून जातो. वय वाढते तशी दृष्टी सावरण्यास अधिक वेळ लागतो, हेही विसरून चालणार नाही.

आमचे मत असे, की जादा दिवा बसविणारा बहुधा आपल्यापुढचा अंधार घालवून तो समोरच्याच्या पदरात टाकतो. ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती आपण रोज वाचतो व ती दुसऱ्यासाठी आहे असे मानतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ याविषयी स्पष्ट आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्यास दिपवील असा झोत नसावा. दीड मीटर! सायकलस्वाराचे डोळे जवळपास तेथेच असतात. याखेरीज, वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातली आहे. पण दुकानात दिवे विकताना यातले अक्षरही कोणी उच्चारीत नाही, याचा आम्हांस खरोखर विषाद वाटतो.

मग दिवे लावूच नयेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. आधी आहे त्या दिव्याची काच पुसावी. आमच्या दिव्यावर धुळीचे बोटभर पूट होते, हे कबूल करावयास लाज वाटते. मग गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करून, स्वार वर बसलेला असताना, झोताची वरची कड दिव्याच्या उंचीखाली पडते की नाही ते पाहावे. स्वार बसलेला असणे महत्त्वाचे, कारण मागे वजन पडले की गाडीचे तोंड वर होते व तिघे बसले तर झोत थेट समोरच्याच्या कपाळी जातो. (तिघे बसूच नयेत, हे निराळे.) एवढ्यावर भागत नसेल तर जादा दिवे खाली, लेगगार्डवर, तोंड जमिनीकडे करून लावावेत. धुक्यात उंचावरचा प्रखर झोत पाण्याच्या कणांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. खालचा दिवा धुक्याच्या तळाशी रस्ता शोधतो. दिव्यांस स्वतंत्र बटण, फ्यूज व रिले हवाच. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. तेवढा भार मूळच्या बारीक तारांवर टाकला तर त्या तापतात, आणि लहान बॅटरी बसते.

एलईडी दिवे वीज थोडी खातात, ही मोठी सोय आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी शक्य झाला, त्याच्या शोधासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या प्रकाशास आवर घालणारी काच व परावर्तक नसलेले स्वस्त दिवे बाजारात सर्रास मिळतात, आणि ते चारी दिशांना उधळतात.

आम्ही आमचे दिवे काढून खाली लावले व त्यांवर पिवळी काच बसविली. समोर कोणी दिसले की अंगठा बटणावर जातो. त्या पालकांच्या सायकलीस आम्ही मागे लाल परावर्तक लावून दिला. त्याची किंमत आमच्या दिव्यांपुढे काहीच नव्हती. परवा रात्री ते वाटेत भेटले. त्यांनी घंटी वाजविली आणि सायकलवरून न उतरता पुढे गेले.