आजीवन तेलाची मुदत

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाविषयी या स्तंभात पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन उरले नाही, असे वाटू लागले असतानाच या आठवड्यात साताऱ्याच्या एका वाचकांनी आपल्या जर्मन मोटारीच्या दुरुस्तीचे कागद माझ्याकडे धाडले, आणि ते वाचून स्वस्थ बसणे मला अशक्य झाले. मोटार नऊ वर्षांची, धाव सव्वा लाख किलोमीटरांच्या पुढची, आणि तक्रार एवढीच की, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हलकासा धक्का बसतो. सर्व्हिस सेंटरच्या दप्तरात दर वर्षाच्या नोंदीपुढे ‘ट्रान्समिशन ऑइल आजीवन, बदलणे नाही’ असा शेरा आहे, आणि त्याच दप्तराच्या शेवटच्या पानावर संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचे अंदाजपत्रक जोडलेले आहे. तेल आजीवन टिकणारे, आणि ते ज्या यंत्रात आहे ते यंत्र नवव्या वर्षी निकालात. ही विसंगती शेरा लिहिणाऱ्याच्या ध्यानी येऊ नये याचा मला मनस्वी संताप आला.

आता याच गिअरबॉक्सची दुसरी बाजू पाहावी. तो मोटार विकणाऱ्या कंपनीने घडवलेला नाही. तो झेडएफ या जर्मन कारखान्याचा आहे, जो १९१५ साली फ्रीडरिश्सहाफेन येथे झेपेलिन हवाईजहाजांची दंतचक्रे घडवण्यासाठी स्थापन झाला आणि ज्याचे आठ गतींचे गिअरबॉक्स आज अनेक कंपन्यांच्या मोटारींत बसवले जातात. आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्ससंबंधी या कारखान्याचा सल्ला असा की, वापराच्या मानाने ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, अथवा आठ वर्षांनी, तेल बदलावे; आणि मोटार ओझे ओढणारी, सतत भरधाव धावणारी, किंवा अन्य कारणाने तेल अधिक तापवणारी असेल, तर त्याहूनही लवकर. एवढेच नव्हे, तर या कामाचा सर्व सरंजाम तो कारखाना एकत्र बांधून विकतो : सात लिटर तेल, फिल्टरसह नवा चेंबर आणि त्याचे बोल्ट. ज्याने यंत्र घडवले तो तेलाला मुदत घालून देतो, आणि ज्याने ते विकत घेऊन आपल्या मोटारीत बसवले तो मुदतच नाकारतो, असा हा मामला आहे. दोघांत यंत्राची अंतर्गत रचना अधिक कोणाला ठाऊक असणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. माझे स्पष्ट मत असे की, ‘आजीवन’ या शब्दातले आयुष्य यंत्राचे नसून हमीच्या मुदतीचे आहे. हमी संपली की ते आयुष्य संपले.

मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे आणि आजही तितक्याच आग्रहाने म्हणतो की, कारखानदारांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक ज्या दिवशी काढून टाकली, त्या दिवशी मोटारीचा धनी आपल्याच मोटारीचे कूळ झाला. त्याने खंड भरत राहावे, दप्तर पाहू नये. म्हणूनच हे काम शक्य त्याने घरी करावे, असा माझा हट्ट आहे.

या तेलाला इंजिनाच्या तेलापेक्षा अधिक कामे असतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून तेच शक्ती वाहून नेते, तेच आपल्या दाबाने क्लच आवळते, तेच वंगण होते आणि तेच उष्णता बाहेर काढते. मे महिन्यात खंबाटकी घाटाच्या चढणीवर, ट्रकांच्या रांगेमागे अर्धा तास रखडलेल्या मोटारीत ते किती तापत असेल याची कल्पना करावी. उष्णतेने त्यातील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये क्षीण होतात, क्लचच्या चकत्यांचा कीस त्यात मिसळतो, आणि मग धक्के सुरू होतात.

घरी काम करताना पहिली ताकीद ही की, तेल काढण्यापूर्वी तेल भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही हे पाहावे. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकले असेल, तर मोटार जागची हलवता येत नाही. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि जाऊ नये; चारही बाजूंना भक्कम स्टँड लावावेत आणि गाडी समतल आहे याची खात्री करावी. या गिअरबॉक्सचा चेंबर प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच घडवलेला असतो, म्हणून तो संपूर्ण बदलावा लागतो. त्याचे बोल्ट आवळण्याचे माप अवघे १० न्यूटन-मीटर आहे. चाकाचे बोल्ट आवळण्याची सवय झालेल्या हाताने येथे जोर लावला, तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि खर्च वाढतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत.

जुन्या चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर साचलेला करडा लेप बोटांच्या चिमटीत चोळून पाहावा. तो मऊ, कणविरहित लागला, तर ती वयाची स्वाभाविक झीज समजावी. चकाकणारे, बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर दोष तेलाचा नाही, आणि तेथे कुशल कारागिराशिवाय गत्यंतर नाही.

खरी नजाकत तेलाच्या पातळीत आहे. प्रथम इंजिन बंद असता भरण्याच्या छिद्रातून तेल ओघळेपर्यंत भरावे. मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून धरून, प्रत्येक गिअरमध्ये काही क्षण थांबावे, आणि इंजिन चालू असतानाच पुन्हा ओघळेपर्यंत भरून बोल्ट लावावा. मात्र हे सारे तेलाचे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना व्हावे लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी काम काढले, तर ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पहाटेच काम करावे, आणि तापमान स्कॅनरवर पाहावे, अंदाजाने नव्हे. कन्व्हर्टरमधले बरेचसे जुने तेल या रीतीने निघत नाही हे खरे. ज्यांनी पूर्वी कधीच तेल बदललेले नाही, त्यांनी काही हजार किलोमीटरांनी केवळ तेल पुन्हा एकदा बदलावे.

ही कृती सर्वच ‘ऑटोमॅटिक’ गाड्यांना लागू नाही. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेल्या एएमटी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. सीव्हीटीचे तेल निराळे. सर्व गाड्यांना चालते म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलावर माझा विश्वास नाही. पुस्तिकेत लिहिलेल्या मानकाचेच तेल घ्यावे. काढलेले तेल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते गटारात न ओतता कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेला तेल देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे.

साताऱ्याच्या वाचकांना माझे सांगणे असे की, अंदाजपत्रकावर सही तूर्त तहकूब ठेवावी. आधी तेल व चेंबर बदलून घ्यावा, गाडी काही दिवस चालवावी, आणि धक्का कायम राहिला तरच गिअरबॉक्स उघडण्याची भाषा करावी. चेंबर निघाला की लोहचुंबकांचे छायाचित्र मला अवश्य पाठवावे.