कपड्यांच्या पलीकडचा प्रश्न

तुमच्या घरात बारा ते वीस वयाचं कुणी असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. शनिवारची दुपार, वाळलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन तुम्ही फॅमिली रूममधून चालला आहात, टीव्हीवर गेम सुरू आहे. पडद्यावर एक बाई हातात तलवार घेऊन धावते आहे आणि तिच्या अंगावर चिलखताच्या नावाखाली दोन पत्रे आहेत. तुमच्या तोंडून आपोआप निघतं, "अगंबाई, हिने घातलंय काय!"

मीही तेच म्हणाले. माझ्या मुलीने मानही न वळवता उत्तर दिलं, "आई, कपड्यांचं सोड. ती ह्या गेममध्ये करतेच काय? दोन वेळा पकडली जाते आणि एकदा मरते."

मी बास्केट खाली ठेवली. आमची दोघींची तक्रार एकाच पात्राबद्दल होती, पण तक्रार एक नव्हती. मला ती बाई झाकलेली हवी होती. मुलीला ती बाई माणूस हवी होती. जगभर गेममधल्या स्त्रीपात्रांवर जो वाद चालला आहे, त्यात आपण मराठी आईबाप नेमके कुठे उभे आहोत, हे मला त्या दुपारपासून तपासावंसं वाटू लागलं. तुम्हीही तपासावं, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. "हे मुलग्यांचं खूळ आहे" असं आपण म्हणतो, पण ऑस्ट्रेलियात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. ट्रेनमध्ये फोनवर कँडी क्रश खेळणाऱ्या आपल्या मैत्रिणीही त्यात आल्या.

गेममधलं पात्र आपोआप तयार होत नाही. नटीला निदान स्वतःचा चेहरा आणि चाल असते. गेममधल्या बाईचं सगळंच कुणीतरी बसून ठरवलेलं असतं: कंबर किती, चालताना काय हलेल, ती नुसती उभी असेल तेव्हा कशी उभी राहील, कॅमेरा तिच्या पाठीमागे किती उंचीवर असेल. 1986 साली आलेल्या जपानी 'मेट्रॉइड'मध्ये चिलखत घातलेला योद्धा शेवटी हेल्मेट काढतो आणि ती स्त्री निघते. केवढा सुंदर धक्का! पण त्याच गेममध्ये अशी सोय होती की तुम्ही जितक्या कमी वेळात खेळ संपवाल, तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. म्हणजे पराक्रम तिचा आणि बक्षीस बघणाऱ्याला. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कंपनीने 'टूम रेडर' आणला. त्यातली लारा क्रॉफ्ट हुशार, धाडसी, एकटीने जग पालथं घालणारी होती. मात्र जाहिरातींत तिची हुशारी मागे पडली आणि छातीच उरली. तिची मूळ रचना करणारा टोबी गार्ड पुढच्याच वर्षी ती कंपनी सोडून गेला. आणि 2014 मध्ये 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड युनिटी' ह्या मोठ्या गेममध्ये मिळून खेळताना स्त्रीपात्र का घेता येत नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं की त्याने अ‍ॅनिमेशनचं काम दुप्पट होईल. हजारो माणसांची गर्दी रंगवणाऱ्यांना एक बाई जड झाली!

आता आपल्या देशाकडे, म्हणजे ह्या देशाकडे येऊ. डिसेंबर 2014 आठवतो का? टार्गेटने 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' दुकानांतून काढून टाकला आणि पाठोपाठ केमार्टनेही. त्याआधी एक अर्ज फिरला होता आणि त्यावर हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या. तो सुरू करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः हिंसा सोसलेली होती. त्यांचा मुद्दा नीट वाचण्यासारखा होता. बायकांनी काय घातलंय ह्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. खेळणाऱ्याला त्या बायकांशी काय करायची मुभा आहे आणि त्याबद्दल गेम त्याला कसं बक्षीस देतो, ह्याबद्दल होती. दुसरी बाजूही होती. गेमवर आर 18+ चा शिक्का होता, तो मोठ्यांसाठीच होता. मग तितकेच हिंसक सिनेमे त्याच दुकानांत चालतात कसे, असं लोक विचारत होते. दोन्ही बाजूंत तथ्य होतं.

आर 18+ हा वर्ग गेमसाठी इथे 1 जानेवारी 2013 पासून सुरू झाला. त्याआधी एमए 15+ च्या वर काहीच नव्हतं. हा शिक्का देताना सहा गोष्टी पाहतात: विषय, हिंसा, लैंगिक दृश्यं, भाषा, अमली पदार्थ आणि नग्नता. आपण पालक ह्या शिक्क्यावर विसंबतो, आणि विसंबावंच. पण ती बाई गोष्टीत कोण आहे, हे तो शिक्का सांगू शकत नाही. पीजी शिक्क्याच्या गेममध्येही नखशिखान्त झाकलेली राजकन्या केवळ सोडवून आणायची वस्तू असू शकते. तिथे आपल्याला काही खटकत नाही, कारण तिने अंगभर घातलेलं असतं.

"हे सगळं पाश्चात्त्यांचं," असं कुणी म्हणत असेल, तर तुमच्या हातातल्या ह्या अंकाच्या पूर्वजांकडे पाहा. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर ह्यांच्या चित्रांनी कित्येक दशकं दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सजवली. हातात पणती, अंगावर जरीकाठी साडी, वळून पाहणारे मोठे डोळे. माझ्या आजीच्या कपाटात असे अंक जपून ठेवलेले होते आणि ते मला अजून आवडतात. बालगंधर्वांचं घ्या. रंगभूमीवर स्त्री कशी दिसावी हे एका पुरुषाने ठरवलं, आणि त्यांची साडी नेसण्याची आणि दागिने घालण्याची तऱ्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली. म्हणजे पुरुषांच्या कल्पनेतून घडलेली बाई आणि मग तिच्यासारखं दिसू पाहणाऱ्या खऱ्या बाया, हे आपल्याला नवीन नाही. फरक इतकाच की दलालांच्या चित्रातली बाई मुखपृष्ठावर राहायची. गेममधली बाई मुलं रोज दोन-दोन तास हाताळतात, चालवतात, तिच्या वतीने निर्णय घेतात.

सौंदर्याला माझा विरोध नाही, हे मला इथे स्पष्ट करायचं आहे. नटूनथटून राक्षस मारणारी बाई कुणाला आवडत असेल, तर तिने जरूर खेळावं. आपली दुर्गा तरी काय सुती साडीत लढते? माझा आक्षेप आहे तो फक्त दिसण्यावरून भांडण्याला.

कारण उलट बाजूचं भांडणही पाहा. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मधली अ‍ॅबी पिळदार दंडांची आहे. बाईचे असे दंड असतात का, म्हणून ओरड झाली. तिचं शरीर एका खऱ्या क्रॉसफिट खेळाडू स्त्रीवरून घेतलेलं होतं! 2022 मध्ये 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आला, तेव्हा त्यातल्या अ‍ॅलॉयच्या गालावरची बारीक लव दिसते म्हणून काही जण चिडले. 2024 मध्ये 'स्टेलर ब्लेड' ह्या कोरियन गेममधले काही पोशाख थोडे झाकले गेले, तर ते पूर्ववत करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. आपण म्हणतो "झाका", ते म्हणतात "दाखवा". आवाज उलट आहेत, पण दोघांचाही प्रश्न एकच: ती मला कशी दिसते? तिला काय हवंय, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

"पण पुरुष पात्रंही फुगवलेल्या स्नायूंचीच असतात ना?" हा आक्षेप माझ्या भाच्याचा, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं: ते स्नायू खेळणाऱ्याला "मी असा असतो तर" असं वाटावं म्हणून असतात, त्या पात्राच्या ताकदीसाठी असतात. लढाईत पोट उघडं टाकणारं चिलखत त्या बाईच्या कुठल्या कामाचं?

मग चांगलं पात्र कसं ओळखायचं? सुदैवाने उदाहरणं आपल्या दोन्ही घरांत आहेत.

ब्रिस्बेनच्या विच बीमने 2021 मध्ये 'अनपॅकिंग' काढला. त्यात नायिका दिसतच नाही. 1997 ते 2018 ह्या काळात ती घरं बदलते आणि आपण फक्त तिची खोकी उघडून सामान लावतो. एका घरात ती मित्राबरोबर राहायला जाते, तेव्हा तिची पदवी लावायला भिंतीवर जागाच मिळत नाही; शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. एक शब्द न बोलता त्या नात्याचं सगळं कळतं. चार बॅगा घेऊन ह्या देशात उतरलेल्या आणि आपल्या पदव्या फाइलमध्ये ठेवून दिलेल्या किती जणींना ती खोली ओळखीची वाटेल! ह्या गेमला 2022 मध्ये बाफ्टा मिळाला.

मेलबर्नमध्ये घडलेला 2018 चा 'फ्लोरेन्स' तासाभरात संपतो. पंचवीस वर्षांची फ्लोरेन्स येओ, कंटाळवाणी नोकरी, आईचे सारखे फोन, मग चेलो वाजवणारा क्रिश नावाचा भारतीय वंशाचा मुलगा. नातं तुटतं, आणि लहानपणी सुटलेल्या चित्रकलेकडे ती परत जाते. दुसऱ्या पिढीच्या वाचकांनो, हा आईबाबांना फोनवर खेळायला द्या. आईच्या फोनांच्या प्रसंगाला त्यांचे चेहरे पाहा.

अ‍ॅडलेडच्या टीम चेरीचा 'सिल्कसाँग' 4 सप्टेंबर 2025 ला आला, तेव्हा गर्दीने ऑनलाइन दुकानं कोलमडली. त्याची नायिका हॉर्नेट एक कीटक आहे, मुखवट्यासारखा चेहरा, लाल झगा, आणि हत्यार म्हणजे सुई! कीटकाच्या कमरेचं माप कुणी काढत बसलं नाही. ती किती कठीण लढाया लढते, एवढीच चर्चा.

आणि आपलं पुणं. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या तिथल्या स्टुडिओने 2020 मध्ये 'राजी' आणला. राजी ही फिरत्या खेळकऱ्यांची मुलगी, दोरीवर चालणारी, कसरती करणारी. तिचा धाकटा भाऊ गोलू असुरांनी पळवलेला आहे आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पण लढण्याची चपळाई तिची स्वतःची, तिच्या धंद्यातून आलेली. आपल्याकडे भाऊबीजेला भावाने रक्षण करायचं असतं. इथे बहीण भावासाठी लढते. भाऊबीज ह्याच आठवड्यात आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

ह्या चौघींना एकत्र पाहिलं तर कळतं की त्यांचे पोशाख, वय, रूप, अगदी प्राणिजातसुद्धा एक नाही. प्रत्येकीला काहीतरी हवंय आणि त्यासाठी ती काहीतरी करते, एवढंच सामाईक आहे.

आता अवघड भाग. पडद्यावरच्या बाईला आपण जो पहिला प्रश्न विचारतो, तोच आपण घरातल्या मुलीलाही विचारतो. मंडळाच्या कार्यक्रमात दोन वर्षांनी भेटलेल्या मुलीशी आपलं पहिलं वाक्य काय असतं? "किती बारीक झालीस!" किंवा "जरा भरलीस गं." मुलाला विचारतो, "काय करतोस सध्या?" हे आपण प्रेमाने करतो, मीही करते. पण शेजारी उभा असलेला आपला मुलगा ते ऐकत असतो. स्त्रीकडे आधी बघायचं आणि मग, वेळ उरला तर, तिचं ऐकायचं, हा धडा त्याला फक्त गेमने दिलेला नाही.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. ह्या दिवाळीत अर्धा तास मुलांशेजारी बसा. कंट्रोलर हातात घ्या, पहिल्याच दरीत पडा, मुलांना हसू द्या. मग तीन गोष्टी विचारा: हिला काय हवंय? ती स्वतः काय ठरवते? ती नसती तर गोष्ट अडली असती का? कपड्यांबद्दल बोलायचं असेल तर त्यानंतर बोला. तोवर मुलं तुमचं ऐकायला तयार झालेली असतील.

आणि मुलांनो, "इट्स जस्ट अ गेम" म्हणून आम्हाला उडवून लावू नका. तुम्हाला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. आम्हाला जे खटकतं ते तुमच्या सवयीचं झालेलं असू शकतं. आम्ही बास्केट खाली ठेवतो, तुम्ही पॉज दाबा.

माझ्या मुलीने परवा तो जुना गेम काढून टाकला आणि 'राजी' घेतला. मी अजून पहिल्याच पुलावरून खाली पडते आहे. शुभ दीपावली!