सावकाश होऊ द्या!

दिवाळी अंकात प्राध्यापिकेने साहित्यावर लिहावे आणि गृहिणीने अनारशांवर, अशी एक वाटणी आपल्याकडे ठरून गेली आहे. मी दोन्ही आहे, आणि यंदा मला लिहायचे आहे ते कमी खाण्यावर. घरोघरी फराळाचे डबे भरलेले असताना हा विषय काढणे अरसिकपणाचे आहे, हे मी जाणते. पण वाचकहो, गेल्या दिवाळीनंतर माझे जठरच लहान झाले आहे; तेव्हा निमित्त खरे आहे.

मधुमेह मागे लागला होता, कॉलेजचा जिना चढताना गुडघे कुरकुरत होते आणि आहारनियमनाचे सारे प्रयोग करून झाले होते. शेवटी डॉक्टरांनी वजनासाठी शस्त्रक्रिया सुचवली. या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात; उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. तो भाग गेला की भूकही मंदावते.

कल्पना त्याहून जुनी आहे. जठरातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढला होता, अशा स्त्रिया पुढे अंगाने भरत नाहीत, हे अमेरिकेत आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी हेरले आणि १९६६ साली खास वजनासाठी जठराची वाट बदलणारी शस्त्रक्रिया केली. आम्हां नागपूरकरांच्या घरांत तिची चर्चा शिरली ती मात्र २०११ साली. खाण्याचे शौकीन म्हणून साऱ्या गावाला ठाऊक असलेले नितीन गडकरी तेव्हा भाजपचे अध्यक्ष होते, आणि त्यांनी मुंबईत वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली होती.

शस्त्रक्रियेला काही तास पुरले. जेवायला शिकण्यास वर्ष लागले, आणि अजून मी शिकतेच आहे. आरंभी नुसते ताक आणि वरणाचे पाणी. मग घोटलेले वरण. मग गुरगुट्या भात. पोळीचा तुकडा तोंडात पडला तेव्हा दोन महिने उलटले होते. नियम थोडे, पण कडक. घास सुपारीएवढा घ्यायचा आणि तोंडातच त्याचे पाणी करायचे. जेवण अर्धा तास चालले पाहिजे. जेवताना पाणी नाही. ते आधी किंवा नंतर, अर्ध्या तासाच्या अंतराने. ताटात आधी प्रथिने, म्हणजे वरण, दही, उसळ, पनीर, अंडे; दिवसाकाठी साठ ग्रॅम तरी पोटात गेलीच पाहिजेत. भाताची पाळी शेवटी. शिवाय लोह, कॅल्शियम, बी-बारा यांच्या गोळ्या जन्मभर. घाई केली की घास छातीत अडकल्यासारखा होतो आणि डोळ्यांत पाणी येते.

हे सारे नियम मला इंग्रजीत छापून मिळाले होते. मराठीची मास्तरीण मी. भाषांतर करायला बसले आणि हसू आले. पानभर मजकुराचे सार आपल्या पंगतीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. पाने वाढून झाली की यजमान हात जोडून म्हणत, “मंडळी, सावकाश होऊ द्या!” आणि पुढच्याच क्षणी जिलबीचे ताट घेऊन आग्रहाला लागत, तो भाग वेगळा.

पण हे वाक्य कोणाला उद्देशून असे? बसलेल्यांना. वाढणाऱ्या बायका शेवटच्या पंगतीला, उरलेसुरले, गार झालेले, भराभर खाऊन उठत. पंगती गेल्या, पण तो क्रम स्वयंपाकघरात शिल्लक राहिला. आठचा तास गाठायचा म्हणून पोहे ओट्याशी उभ्याउभ्या. मुलांच्या ताटातला वरणभात वाया जाऊ नये म्हणून. रात्री पातेले रिकामे व्हावे म्हणून तळाचा वडाभात. माझ्या कितीतरी मैत्रिणी अशाच जेवतात. त्यांच्या जेवणाला स्वतःचे ताटच नसते, मग मोजमाप कुठून असणार?

म्हणून ताट वाढून घेऊन अर्धा तास बसायचे, हेच मला सर्वांत अवघड गेले. घरालाही गेले. सासूबाईंनी ज्वारीच्या कण्यांचा नव्हे, खास माझ्या आवडीचा गोळाभात केला. मी एक गोळा खाऊन थांबले. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगं, माझ्या हातची चव गेली का?” मी म्हटले, “आई, चव तर आत्ता कळायला लागली. इतकी वर्षं नुसती गिळतच होते नं!” त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. पण हल्ली मी जेवत असताना त्या शेजारी बसतात, आणि आग्रह करायला काही उरले नाही म्हणून गोष्टी सांगतात.

सल्ल्यांना तोटा नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी याच नागपुरात दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो पुढे घरोघर पोहोचवला. शेजारच्या काकू मला तोच सांगतात. पण माझ्या वाटीएवढ्या जठरात दोन वेळांत दिवसाची प्रथिने मावायची नाहीत. मला थोडेथोडे चार-पाचदा खावे लागते. एकाचे पथ्य दुसऱ्याला चालत नाही.

आता फराळ. करंजी किंवा अनारसा एक खाऊन थांबता येते. खरा वैरी चिवडा! तो चावताच विरतो, लहान जठरातून बिनबोभाट सरकतो, आणि येताजाता मूठमूठ खाल्ला की घटलेले वजन पावलापावलाने परत येते. म्हणून आमच्याकडे यंदा नियम झाला आहे: डब्यात हात घालायचा नाही, चिवडा छोट्या वाटीत घ्यायचा आणि बसून खायचा. तो साऱ्या घराला लागू आहे, एकट्या मला नव्हे.

वाचकांनो, शस्त्रक्रिया सगळ्यांना लागत नाही, लागूही नये. पण पाडव्याच्या दिवशी जिने दोन आठवडे तळण केले तिला आधी पाटावर बसवा. तिचे ताट दुसऱ्या कोणी वाढावे आणि हात जोडून ते जुने वाक्य म्हणावे. आग्रह मात्र करू नये.