सहृदयाला तहान लागते

गेली वीसएक वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला भारतीय साहित्यशास्त्र शिकवते आहे. या काळात ‘सहृदय’ ही संज्ञा मी किती वेळा उच्चारली असेल याची गणती नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची ज्याची योग्यता आहे, तो सहृदय, अशी अभिनवगुप्तांची व्याख्या आपण सारेच सांगतो. सहृदयाच्या मनाविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्याला घाम येतो काय, तहान लागते काय, तो किती तास उभा आहे, हे प्रश्न मात्र आपल्या टिपणांत येत नाहीत. मला ते पडले तेही वर्गात नव्हे. फ्रान्समधील क्लिसाँ या गावाबाहेरच्या मैदानात, १८ जून २०२२ रोजी भर दुपारी, हेवी मेटल संगीताच्या महोत्सवात मी उभी होते आणि घशाला कोरड पडली होती.

तेथे मी कशी पोचले हे सांगणे भाग आहे. माझा भाचा नांत शहरात नोकरीला आहे. विदर्भातल्या महाविद्यालयांना जूनअखेरपर्यंत सुट्टी असल्याने मी त्याच्याकडे गेले होते. त्याच्या मित्राचे येणे ऐनवेळी रद्द झाले आणि एक तिकीट उरले. मी ते स्वीकारले याला कारण एक जुनी बोच. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक हुशार विद्यार्थी काळ्या बनियनांवर कवट्यांची चित्रे मिरवीत येई. तो काय ऐकतो हे एकदा त्याने मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली, तेव्हा “तो निव्वळ गोंगाट आहे” असे म्हणून मी त्याला गप्प केले होते. त्याच सत्रात मी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ शिकवीत होते. त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिण्यापूर्वी तेंडुलकर स्वतः ढसाळांबरोबर ती वस्ती पाहून आले होते, हे मी वर्गाला कौतुकाने सांगितले होते. कवितेसाठी वस्तीत जाणाऱ्या समीक्षकाचे कौतुक करणारी मी, विद्यार्थ्याच्या संगीतापर्यंत मात्र गेले नव्हते.

क्लिसाँ हे जेमतेम सात हजार वस्तीचे गाव. भोवती द्राक्षांचे मळे, नदीकाठी मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष. २००६पासून या गावाच्या वेशीवर हेलफेस्ट हा महोत्सव भरतो. साथीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो होऊ शकला नाही, म्हणून २०२२ साली तो सलग दोन आठवड्यांच्या अखेरीस मिळून सात दिवसांचा करण्यात आला. त्यातला पहिला टप्पा नेमका उष्णतेच्या लाटेत सापडला. फ्रान्समध्ये इतक्या लवकर अशी लाट आल्याची पूर्वी नोंद नव्हती. त्याच १८ जूनला दक्षिणेकडील बिआरित्झ येथे पारा ४२.९ अंशांवर गेला. आमच्याकडेही तो चाळिशीच्या आसपास असावा. विदर्भात वाढलेल्या बाईला चाळीस अंशांचे काय अप्रूप, असे मी सकाळी म्हणाले होते. पण आपल्याकडे चाळीस अंशांत शहाणा माणूस दुपारी घरात बसतो. तो काळे कपडे घालून, झाडाचीही सावली नसलेल्या मैदानात, हजारोंच्या गर्दीत उभा राहत नाही. “मावशी, टोपी काढू नकोस,” असे भाचा दर दहा मिनिटांनी बजावीत होता.

आता संगीताविषयी. ते सगळेच मला आवडले असे म्हणणे खोटे ठरेल. काही समूहांचे गाणे मला आजही केवळ ओरडणे वाटते. पण तो ‘निव्वळ गोंगाट’ नाही, एवढे पहिल्या तासाभरातच ध्यानात आले. त्याला काटेकोर रचना आहे. ड्रमवादकाचे दोन्ही पाय आणि दोन्ही हात वेगवेगळी लय धरतात आणि ठरल्या मात्रेवर एकत्र येतात. गिटारची एखादी लहानशी सुरावट पुन्हा पुन्हा घोळवली जाते, कीर्तनकाराने ध्रुपद घोळवावे तशी. आणि खर्जातला आवाज कानांआधी बरगड्यांना ऐकू येतो. या खर्जाला इतिहास आहे. या संगीताचा आरंभ ज्या ‘ब्लॅक सॅबथ’ समूहाच्या १९७०च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून सामान्यतः मानला जातो, तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तेथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. प्लॅस्टिक वितळवून केलेल्या टोप्या बोटांना लावून तो वाजवू लागला. पुढे तारांचा ताण सोसावा म्हणून त्याने त्या सैल केल्या, सूर खाली उतरला, आणि हा जड, काळोखा नाद या संगीताची ओळख झाला. एका जखमी देहाने केलेली ही सोय आहे. देह वगळून तिचे वर्णन करता येणार नाही.

रंगमंचासमोर एक रिंगण मोकळे होते आणि त्यात तरुण मुले एकमेकांवर धडका देत फिरू लागतात. याला ‘मॉश पिट’ म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला ही मारामारीच वाटेल, मलाही वाटली. मग एक मुलगा पडला आणि त्याच क्षणी चहूकडून चारपाच हात खाली आले व त्यांनी त्याला उभे केले. हे पुढे दिवसभर मी पाहत राहिले. पडलेल्याला उचलायचे हा तेथला अलिखित नियम आहे. दुपार कलू लागली तशी रंगमंचापुढून गर्दीवर पाण्याचे फवारे सोडण्यात आले. त्या दिवशीचा सर्वांत मोठा जयघोष मी ऐकला तो एखाद्या नामवंत गायकासाठी नव्हे, त्या पाण्यासाठी! मैदानाच्या कडेला नळांची रांग होती, पाणी फुकट होते, आणि नळाशी उभे असलेले अंगभर गोंदलेले दांडगे पुरुष मागच्यांचे पेले भरून देत होते. मला आठवण झाली ती आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या पाणपोईची.

या ठिकाणी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हेवी मेटलवर गेली चार दशके एकच आरोप होत आला आहे, की हे संगीत माणसाला हिंसक करते. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटसमोर यावर सुनावणी झाली. १९९० साली ‘जुडास प्रीस्ट’ या समूहावर नेवाडा राज्यात खटला चालला. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतल्या छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा दावा होता आणि तो न्यायालयाने फेटाळला. खुद्द हेलफेस्टच्या बाबतीत २०१० साली फ्रान्सच्या एका माजी मंत्रिणीने प्रायोजक बिअर कंपनीला पत्र लिहून जाब विचारला होता. या सर्वांमागची समीक्षादृष्टी एकच आहे आणि ती आपल्याही परिचयाची आहे: संहिता वाचा, तिच्यातला आशय शोधा आणि त्या आशयाला माणसाच्या वर्तनाचे कारण माना.

या दृष्टीची खरी परीक्षा १९९९च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी झाली. ‘वुडस्टॉक ९९’ हा महोत्सव हवाई दलाच्या एका बंद पडलेल्या तळावर भरला होता. मेटॅलिका, मेगाडेथ, कॉर्न असे मेटल समूह त्यात होते. दोन लाखांहून अधिक माणसे, पायाखाली तापलेले डांबर, पारा ३८ अंशांच्या घरात आणि पाण्याची बाटली चार डॉलरला. मेटॅलिकाचा कार्यक्रम चालू असताना कोसळलेला एक २४ वर्षांचा तरुण पुढे उष्माघाताने मरण पावला. अखेरच्या रात्री आगी लागल्या, लुटालूट झाली. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी दोष दिला तो प्रामुख्याने संतप्त संगीताला. वस्तुतः आगी भडकल्या तेव्हा रंगमंचावर जो समूह गात होता तो मेटलचा नव्हताच, आणि ज्या मेणबत्त्यांनी आगी लावल्या गेल्या त्या शांततेच्या प्रार्थनेसाठी वाटलेल्या होत्या. गाण्यांतील शब्दांचा कीस काढला गेला. पाण्याची किंमत हा मुद्दा मात्र पुष्कळ काळ तपशिलात जमा झाला.

यावर असा आक्षेप घेता येईल, की तहान लागली म्हणून माणसे आगी लावतात काय? आक्षेप रास्त आहे. त्या महोत्सवात स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांचे खापर उन्हावर फोडता येणार नाही आणि फोडूही नये. करणाऱ्याची जबाबदारी त्याचीच. रंगमंचावरून गर्दीला चेतवणारे गायकही तेथे होते. माझे म्हणणे एवढेच, की श्रोत्याला देह आहे हे विसरून केलेला कोणताही निवाडा अपुरा राहतो.

याचा पडताळा पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा जनसमुदाय उन्हात बसला होता. त्यात संतापाचा लवलेश नव्हता, धडका नव्हत्या, कर्कश वाद्ये नव्हती. होती ती श्रद्धा आणि शिस्त. व्यासपीठावर छप्पर होते, समोरच्या समुदायावर नव्हते. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घेण्यास राज्य शासनाने मनाई केली. रोम येथील गर्दी बेभान होती, खारघरची संयमी. ऐकायला आलेला आशय तर दोन टोकांचा. सूर्याने मात्र हा भेद केला नाही. संयमी समुदायाच्या बाबतीत तर धोका अधिक, असे मला वाटते, कारण तो उठून तक्रार करीत नाही.

आपल्या शास्त्राला हे ठाऊक नव्हते असे नाही. विसरलो आपण. अभिनवगुप्तांनी रसास्वादातली जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांतले एक म्हणजे ‘निजसुखादिविवशीभाव’, अर्थात प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे. आपण परीक्षेपुरते याचे उदाहरण देतो ते घरच्या चिंता घेऊन नाटकाला आलेल्या माणसाचे. क्लिसाँच्या उन्हात मला त्याचा साधा अर्थ कळला: ज्याच्या टाळूला जीभ चिकटली आहे त्याला कोणताही रस मिळणार नाही. आणि या विघ्नावर अभिनवगुप्त जे उपाय सांगतात त्यांत वाद्ये आणि गायन यांच्या जोडीला मंडपही आहे. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय तर सबंध नाट्यगृहाच्या बांधणीवर खर्ची पडला आहे. रसाची चर्चा येते ती सहाव्या अध्यायात. भरताने आधी मंडप उभारला, मग रस सांगितला. आम्ही शिक्षक मात्र दुसरा अध्याय ‘परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही’ म्हणून ओलांडतो आणि थेट सहाव्यावर येतो. मीही वीस वर्षे तेच केले.

याचा अर्थ समीक्षकाने कवितेचे वाचन सोडून नळ मोजत बसावे असा नाही. आशयाला महत्त्व आहेच. रौद्र, भयानक आणि बीभत्स यांचा एवढा मोठा व्यवहार या संगीतात का चालतो, त्यातून श्रोत्याला नेमके काय मिळते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण एखाद्या कलेने समुदायाचे काय केले हे ठरवायला निघालो, तर त्या समुदायाचे आणखी कोणी काय केले होते, हेही विचारले पाहिजे. त्याला सावली दिली होती काय? पाणी दिले होते काय, की विकले होते? पडलेल्याला उचलायला जागा होती काय?

यंदा मी दुसरा अध्याय पूर्ण शिकवला. वर्गातल्या काहींना तो कंटाळवाणा वाटला आणि त्यांनी तसे सांगितलेही. त्या जुन्या विद्यार्थ्याला मी क्लिसाँहून परतल्यावर पत्र लिहिले होते आणि गोंगाटाबद्दलचे माझे विधान मागे घेतले होते. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले. पहिल्या ओळीत त्याने मी कोणते समूह ऐकले ते विचारले होते. दुसरीत, उन्हाचा त्रास तर झाला नाही ना, असे.