गुप्तरोग की गुप्त ठेविलेला रोग?

एका तरुणाचे निनावी पत्र आमच्यापुढे आहे. जननेंद्रियावर एक व्रण उठला. तो दुखत नव्हता. वडिलांस सांगण्यापेक्षा मरण बरे वाटले, म्हणून भिंतीवरील जाहिरात वाचून एका ‘वैद्यराजा’स पैसे दिले. आता व्रण नाहीसा झाला आहे. तेव्हा औषध लागू पडले असे समजावे काय, असा त्याचा प्रश्न आहे. हा विषय वर्तमानपत्रात नको, असे कित्येक सभ्य गृहस्थ म्हणतील. परंतु याच सभ्यतेने त्या तरुणास वैद्यराजाच्या दारी लोटले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम प्रश्नाचे उत्तर. अशा जागेवरील प्रत्येक फोड म्हणजे भयंकर रोग नव्हे. खरूज, घर्षण किंवा निरुपद्रवी पुटकुळ्या हीही कारणे असतात. बारीक, दुखरे आणि पुनःपुन्हा उठणारे फोड बहुधा हर्पिसचे असतात. परंतु एकच, न दुखणारा व्रण दिसला तर उपदंशाची, म्हणजे लोक जिला गरमी म्हणतात तिची, शंका घेतलीच पाहिजे. हा व्रण संसर्गानंतर बहुधा 3 आठवड्यांनी उठतो व औषध घ्या वा न घ्या, 3 ते 6 आठवड्यांत भरून येतो. वैद्यराजाचे यश ते एवढेच! व्रण जातो, जंतू रक्तात राहतात. पुढे अंगावर पुरळ येते आणि कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू व डोळे यांवर घाला पडू शकतो. पत्नीस आणि तिच्या उदरातील बालकासही त्याचा प्रसाद मिळू शकतो. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते म्हणतात. हे मात्र मुंगीच्या पावलांनी येते, म्हणूनच अधिक फसवते. रक्ततपासणीने ते ओळखता येते, आणि प्रारंभीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनानेही बहुधा बरे होते.

कोणी म्हणेल, असल्या गोष्टी बोलणे आपल्या परंपरेत बसत नाही. मग सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगाचे वर्णन केले ते कोणत्या परंपरेत? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या अशाच प्रश्नांस उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटल्यात कर्वे हरले; परंतु आज त्या पत्रलेखकाची स्थिती पाहता खरा पराभव कोणाचा झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

कायद्याने आपले काम केले नाही असे नाही. गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही रेल्वेमार्गाकाठच्या भिंती वाचाव्यात! कायदा पुस्तकात आणि जाहिरात भिंतीवर, ही अवस्था अंमलदारांस भूषणावह नाही. पण निव्वळ बंदीने भागणार नाही. ज्यास उजेडात विचारता येत नाही, तो अंधारातच विचारणार.

म्हणून पालकांस आमची विनंती ही की, मुलाने असे काही सांगितले तर त्याच्या चारित्र्याचा निवाडा मागाहून करा. आधी त्यास डॉक्टरांकडे न्या. आणि त्या तरुणास सांगणे हे की, व्रण गेला म्हणून निश्चिंत राहू नकोस. शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तेथे उपचार विनामूल्य होतात आणि नाव गुप्त राखले जाते. उपदंशाबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करून घे, जिच्याशी संबंध आला तिलाही तपासणीस पाठव, आणि उपचार पुरा होईतो संबंध टाळ. रोग होणे हा अपराध नव्हे. ठाऊक असून तो दुसऱ्यास देणे हा मात्र अपराध आहे. तरुणांची लाज राखण्यासाठी त्यांचे रक्त नासू देणाऱ्या समाजाने राष्ट्राच्या सामर्थ्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?